पंचांवर आक्षेप

गंगापूर रोडच्या मैदानावर मुलींच्या आंतरशालेय खो-खोची फायनल होती. पंच होत्या बोरस्ते मॅडम, आणि दिंडोरीच्या संघाची कॅप्टन तृप्ती ही त्यांचीच मुलगी. पंच खेळाडूच्या नात्यातला असेल तर कुठलाही संघ आक्षेप घेऊ शकतो, असा स्पर्धेचा नियम. म्हणून आयोजक गायधनी सरांनी समोरच्या ओझर संघाच्या कोचना दोनदा विचारलं.

“छे हो, मॅडमवर पूर्ण विश्वास आहे आमचा,” कोच म्हणाले. सरांचा जीव भांड्यात पडला. मॅडम शिट्टी तोंडाला लावणार, तोच एक हात वर झाला. तृप्तीचा.



“सर, आमचा आक्षेप आहे. घरी दादाने कप फोडला तरी फाऊल मलाच देते ही!”