टॅन्सीचं पिंप

रात्रीतून नाहीशा झालेल्या डेल्मरच्या बापाचा माग काढत टॅन्सी नाक जमिनीला लावून ओढ्यापर्यंत सरळ आली, ओढा ओलांडून चढणीला लागली आणि लॉरेलच्या झुडपांच्या दाट जाळीत शिरली. डेल्मर आणि शेजारचा होबार्ट खालीच थांबले. थोड्या वेळाने ती परत आली, कान पाडून आणि शेपटी पायांत घालून. डेल्मरच्या बुटांशी बसून ती त्याच्या खिशाकडे पाहू लागली.

“हिला काय झालं?” होबार्ट म्हणाला. “इथवर तर बाणासारखी आली.”

“वर माझं पिंप पडलंय. हरणाचं कातडं आहे त्यात. वास आला असेल.” डेल्मरने खिशातून बिस्किट काढून तिला दिलं.

“एकदा वर नजर टाकून येऊ का? म्हाताऱ्याचा काय नेम.”

“दारातल्या तीन पायऱ्या चढवत नाहीत त्याला, तो इथं चढणार? ओढ्याच्या काठाने खाली गेला असेल. आणि ही खोटं बोलत नाही, होबार्ट. मी शिकवलंय तिला.”

होबार्टने जाळीकडे तोंड करून दोन हाका मारल्या. उत्तर आलं नाही. मग दोघं ओढ्याकाठाने खाली निघाले. झाडांच्या सावलीत पहाटेचं हिव अजून पांढरं होतं. डेल्मरने टॅन्सीला पुन्हा दोरी बांधली. तिची साखळी सकाळी दाराजवळच्या खिळ्याला नव्हती, आणि ती शोधत बसायला वेळही नव्हता.

टॅन्सी रॅकून या केसाळ रानजनावराच्या शिकारीची कुत्री. केंटकीच्या त्या डोंगरात रॅकूनचा माग सोडून हरणामागे धावणारं कुत्रं कुणी फुकटही घेत नाही. तसं कुत्रं परक्या रानात शिरलं तर गोळी खाऊनच पडतं. टॅन्सी उन्हाळ्यात दोनदा हरणामागे गेली, तेव्हा डेल्मरने घराण्यातला जुना उपाय केला. पिंपात हरणाचं ओलं कातडं टाकलं, कुत्रीला आत कोंबलं, भोकं पाडलेलं झाकण लावलं आणि पिंप उतारावरून ढकलून दिलं. उपाय रामबाण. त्यानंतर हरणाचा वास आला की टॅन्सी मागे फिरायची, आणि मागे फिरली की बिस्किट. कातड्याचा वास घराजवळ नको म्हणून पिंप डेल्मरने वर जाळीतच नेऊन ठेवलं होतं.

हा उपाय त्याला शिकवला तो बापानेच. आर्लिसने उमेदीत कितीतरी कुत्री अशीच सरळ केली होती, आणि वर हसत हसत त्याच्या गोष्टीही सांगितल्या होत्या. पण त्या दिवशी पिंपातला आवाज ऐकून म्हातारा गवतात मटकन बसला. त्याचं डोकं आधीच कामातून गेलं होतं. त्या संध्याकाळपासून जेवताना रोज एकच प्रश्न. “डेल, कुत्रीला बाहेर काढलंस का रे?” टॅन्सी त्याच्याच पायाशी बसून त्याच्याच हातचा मक्याचा पाव खात असायची. ती म्हाताऱ्याला कुणा दुसऱ्याची वाटायची. “हो डॅडी, काढलं,” डेल्मर म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दुपारपर्यंत गावातली माणसं जमली. ओढ्याचे डोह काठ्यांनी ढवळून झाले. लोक डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवत आणि तो मान हलवी. त्याला काहीच वाटत नव्हतं. वर्ष दीड वर्ष बापाचं खाणंपिणं, धुणंपुसणं करताना वाटायचं ते सगळं वाटून संपलं होतं. आज बाप नाही, तर नुसते पाय चालत होते.

तिसऱ्या प्रहरी तो कॉफी प्यायला घरी आला. बहीण लोरीन चुलीशी उभी होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

“कोट खुंटीलाच आहे रे त्याचा. एवढ्या थंडीत नुसत्या सदऱ्यावर गेलाय.” तिने कप पुढे केला. “काल काही बोलला का?”

“रोजचंच.”

“मग तू काय म्हणालास?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“म्हणजे उत्तरच दिलं नाही. दमलो होतो, लोरीन. उठलो आणि झोपायला गेलो.”

लोरीनने चुलीत लाकूड सारलं. मग दाराकडे बघत म्हणाली, “आणि टॅन्सीची साखळी कुठं टाकलीस? डॅडी सारखा तिथंच घुटमळायचा, खिळ्यापाशी.”

डेल्मरने रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. कप खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही. कप हातात घेऊनच तो बाहेर पडला आणि ओढा ओलांडताना कॉफी सगळी सांडली. मागून होबार्ट पळत आला. टॅन्सीही आली, पण जाळीपाशी थांबली आणि सकाळी बसली होती तिथंच बसली.

पिंप आडवं पडलं होतं. झाकण काढून नीट बाजूला ठेवलेलं. आतून दोन पाय बाहेर आले होते, एका पायात घरातली सपात, दुसरा उघडा. दोघांनी धरून ओढलं. म्हाताऱ्याच्या अंगभर कातड्याचे केस चिकटले होते आणि मुठीत टॅन्सीची साखळी होती. श्वास चालू होता.

होबार्टने आपलं जाकीट त्याच्यावर घातलं. डेल्मरने बापाला पाठुंगळी घेतलं. त्याला वाटलं होतं त्याच्या निम्मंही वजन नव्हतं. रस्ता यायच्या आधीच म्हातारा गेला. जाळीतून उतरताना तेवढं एकदाच तो मुलाच्या कानाशी बोलला, स्पष्ट, काळजीने:

“डेल, कुत्री आत नाही रे. मी शिरून बघितलं.”