वेगळी चूल

"माय, आज एकदाच खोटं बोल," वैजनाथ म्हणाला. "मग जन्मभर खरं बोलत बस."

हरणाबाई पुढच्या खोलीत खाटेवर बसून टाळांची दोरी नव्यानं ओवत होती. संध्याकाळी मारुतीच्या देवळात कीर्तन होतं.

"आन् सांजच्याला बुवाच्या म्होरं कंच्या तोंडानं बसू?"

"मागं बस."

तिला हसू आलं नाही. देवळात तिची जागा ठरलेली होती, पहिल्या रांगेत खांबाला टेकून. दिवसभर तिच्याशी चार शब्द बोलायला कुणाला सवड नसे. कीर्तनात मात्र बुवा निरूपणाला उभे राहिले, की ते आपल्यालाच काही सांगतायत असं तिला वाटे. त्यांच्याकडं बघताना तिची नजर कधी खाली गेली नव्हती.

कळंबच्या बाजारामागं एका ट्रस्टनं गरिबांसाठी बांधलेल्या या वसाहतीत भाडं खोल्या मोजून ठरत नसे, चूल बघून ठरे. एका चुलीवर जेवतील त्यांची मिळकत एकत्र धरायची आणि त्या हिशेबानं भाडं लावायचं. वैजनाथचा डाळमिलमधला पगार आणि मायचं निराधारचं अनुदान एकत्र आलं, की घर वरच्या भाड्यात जायचं. तेवढं भाडं त्याला झेपणारं नव्हतं. खोल्या सोडाव्या लागल्या असत्या. म्हणून गेल्या दिवाळीच्या आधी त्यानं बाकीच्यांसारखंच केलं. दारापुढच्या ओट्यावर मायसाठी एक पत्र्याची चूल मांडली, शेजारी तवा आणि दोन पातेली ठेवली, आणि ट्रस्टच्या ऑफिसात सांगून आला, आईची चूल वेगळी आहे. ट्रस्टचे साहेब तपासून गेले की सगळं उचलायचं, असं ठरलं होतं. साहेब वर्षभर फिरकलेच नाहीत.

वैजनाथही त्या चुलीला विसरला. तो उजाडायच्या आत मिलवर जाई, परत येई तेव्हा माय निजलेली असे. सुट्टीच्या दिवशी मालक शेतावर बोलावी. ओट्यावर राख दिसली, तर माय अंघोळीचं पाणी तापवत असेल असं म्हणून तो पुढं जाई. रात्री ताटावर बसताना बायकोला न चुकता विचारी, "माय जेवली का?"

"जेवल्या," शुभांगी म्हणे. मग तो निवांत जेवी.

आणि आज साहेब आले होते. वैजनाथनं मिलमधून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

महारुद्र साहेब शेजारून हसतच आले. शेजारच्या शिवगंगाबाईनं दाखवलेल्या वेगळ्या चुलीवरच्या पातेल्यात पोरांच्या गोट्या निघाल्या होत्या. "तवा तर असा कोरा, की दुकानाची चिठ्ठी बी निघाली नव्हती," ते म्हणाले.

साहेबांनी चपला काढल्या आणि ओट्यावर मांडी घातली. "मावशी, पाणी द्या." पाणी पिऊन त्यांनी तवा उलटा करून बोट फिरवलं. बोट काळं झालं. मिठाच्या डब्याचं झाकण काढलं. मीठ ओलसर होतं, त्यात बोटांचा खड्डा पडला होता. वाटीखाली अर्धा कांदा झाकलेला. लहान पातेल्यात एका माणसापुरती आमटी. टोपलीत फडक्याखाली अर्धी भाकरी.

"ही अर्धी का ठेवली?"

"सकाळच्याला. च्यामधी कुस्करून खाते. एका जिवासाठी पुन्हा तुराट्या कोन पेटवत बसतंय?"

दारात उभा असलेला वैजनाथ थक्क झाला. मायनं सगळं किती बारकाईनं मांडलं होतं. त्याच्या डोक्यात मीठ आलं नसतं, कांदा तर नाहीच.

साहेब मात्र हसायचे थांबले होते. त्यांनी भाकरीवर फडकं नीट परत घातलं. आतल्या खोलीत शुभांगीनं फोडणी टाकली, लसणाचा वास ओट्यापर्यंत आला.

"मावशी, तुम्ही माळकरी. देवाला स्मरून सांगा. तुमची चूल वेगळी आहे?"

हरणाबाईचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. "व्हय साहेब," ती म्हणाली. "वेगळी हाय." आवाज जराही अडखळला नाही.

"भाडं खालचंच राहील," साहेब म्हणाले. चपला घालताना त्यांनी वैजनाथकडं वळून पाहिलं आणि ते पुढच्या घराकडं गेले.

ते वळणाआड होईपर्यंत वैजनाथनं दम धरला. मग तो ओट्यावर मायच्या पुढ्यातच बसला. "लई भारी, माय. मीठसुदीक ओलं करून ठिवलंस. आन् देवाचं नाव घेऊन किती सफाईनं बोललीस. आता जा देवळात, बस मागं."

"मागं कशाला बसू?" हरणाबाईनं टाळ पिशवीत घातले. "म्या खोटं बोललेच न्हाय."

वैजनाथला हसू फुटलं. एवढं सगळं करून माय वर साळसूद बनत होती. घर वाचलं होतं, त्याच्या अंगातलं वर्षभराचं ओझं उतरलं होतं. "बरं बाई, न्हाय बोललीस," असं म्हणत त्यानं पातेली बाजूला सारली आणि उचलून न्यायला पत्र्याच्या चुलीला दोन्ही हात घातले.

हरणाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"ती नेऊ नगस, लेकरा. कीर्तनातून आल्यावर म्या जेवू कुठं?"