क्रिस्टलला कुंकू

खंडेनवमीच्या पूजेत करमरकरसाहेबांनी ओलं कुंकू लावलं, ते नेमकं कंपनीच्या नव्या सर्किट बोर्डावरच्या क्रिस्टलला. बाकी सगळे भाग काळे, हाच तेवढा चांदीसारखा चकचकीत, म्हणून! यूएसबीच्या चिपला ठोका देणारा एवढासा तो तुकडा. त्याच्या पायांशी ओल गेली की चिप मुकी. बोर्ड बनवणाऱ्या ऋजुताने फडकं उचललं, तर साहेबांनी डोळे वटारले.

तासाभरात ग्राहक आले. बोर्ड जोडला. लाल दिवा लागला, पण संगणकाने ओळखच दाखवली नाही.

"वीजपुरवठा गंडलाय," साहेब म्हणाले.

"वीज येतेय, सर. क्लॉक, म्हणजे चिपचा ठोकाच बंद आहे. ते कुंकू..."

"देवाला मध्ये आणू नका, मॅडम! डिझाइन तुमचं कच्चं आहे."

साहेब पाहुण्यांना घेऊन चहाला गेले. ऋजुताने स्पिरिटमध्ये टूथब्रश बुडवून कुंकू घासून काढलं. बोर्ड जोडताच संगणक टुणकन वाजला.

परतलेल्या साहेबांनी हात जोडले. "बघा, पूजा फळाला आली! आता प्रत्येक बोर्डाला कुंकू लावूनच माल बाहेर जाईल."

नव्या डिझाइनमध्ये ऋजुताने खरा क्रिस्टल काळ्या झाकणाखाली दडवला आणि कोपऱ्यात एक मोठी चकचकीत डबी बसवली, कशालाही न जोडलेली.

साहेबांनी त्या डबीला ठसठशीत कुंकू लावलं. बोर्ड झटक्यात चालला.

"या वेळी मात्र क्लॉक जमलंय हं तुम्हाला," साहेब म्हणाले.