यूलाचा शनिवारचा गंबो

“मॅडम, जरा मीठ मिळेल का?”

ओहायोहून गाणंबजावणं ऐकायला आलेल्या पाहुण्यानं हे विचारलं आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या ओदेलॉनचं अकॉर्डियन मध्येच थांबलं. ब्रो ब्रिज गावात यूला लातिओलेच्या खानावळीत मीठ मागायची कुणाची छाती नव्हती. तिथल्या टेबलांवर मीठ नसे, तिखटाची बाटलीही नसे. “माझ्या गंबोत काही कमी निघालं तर मी चूल सोडीन,” असं ती एके काळी ठणकावून सांगायची, आणि तिच्या तोंडी ते शोभायचंही.

आता ती पातेल्याशेजारी ओट्याला टेकून उभी होती. पोटऱ्या सुजल्या होत्या. गंबोच्या दाट रश्श्यासाठी मैदा तेलात पार तपकिरी होईस्तोवर ढवळून ढवळून खांदा कामातून गेला होता. ह्यूस्टनच्या लेकीनं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. “आई, आता पुरे कर गं,” हे तिचं फोनवरचं नेहमीचं पालुपद. पुरे तर यूलालाही झालं होतं. कंटाळली होती ती, अगदी मनापासून कंटाळली होती. पण शनिवारी येणारी ही म्हातारी मंडळी! आपण गेलो तर यांनी जायचं कुठं? एवढ्या एका विचारानं ती दर शनिवारी अंथरुणातून उठायची.

आणि तिची आणखी एक गोष्ट होती, ती लेकीलाही ठाऊक नव्हती. हिवाळ्यातल्या तापानंतर तिच्या जिभेची चवच गेली होती. कॉफी काय, कोळंबी काय, सगळं ओला कागद चावल्यासारखं. खारट होईल या धास्तीनं मिठाच्या डब्यात हात आखडायचा. पण वाडगे चाटूनपुसून परत यायचे, म्हणून ती मनाची समजूत घालायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

“मीठ कशाला हवंय?” टपाल कचेरीतून निवृत्त झालेली वर्ली पाहुण्यावर डाफरली. “गुमान खा की! तुमच्या ओहायोत उकडलेले बटाटे गिळता, आणि इथं येऊन चवी सांगता होय?”

“नाही हो, छानच आहे,” पाहुणा कानकोंडा झाला. “फक्त... अळणी आहे.”

यूलाला वाटलं, आता सगळे याची टर उडवणार. कुणी हसलं नाही. जो तो आपल्या वाडग्यात डोकं घालून बसला.

“ओदेलॉन, तुला आईची शपथ आहे,” ती म्हणाली. “खरं बोल.”

ओदेलॉननं अकॉर्डियन खाली ठेवलं. विजारीच्या खिशातून मिठाची छोटी बाटली काढली आणि पाहुण्यापुढे सरकवली. मग वर्लीनं पर्स उघडली, तिच्याकडेही तेच. मागच्या टेबलावरून कागदाची पुडी आली, खिडकीजवळून तिखटाची बाटली आली. ईस्टरच्या आधीपासून सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी चालली होती.

“मेल्यांनो!” यूलाला रडू यायच्या बेतात होतं. लाज वाटत होती आणि रागही येत होता. “मग येत कशाला होतात? आणि वाडगे कशाला चाटत होतात?”

“काय करणार, बाई!” ओदेलॉन चाचरत म्हणाला. “सून बोल लावते, शनिवारी घरी जेवून पुन्हा इथं जेवता म्हणून. अकॉर्डियनवर बोटंही आता नीट वाकत नाहीत माझी. त्या वर्लीला विचार, गुडघे धरून येते. दमलोय गं आम्ही सगळे. पण आम्ही यायचं बंद केलं तर तू जगशील कशावर? या खानावळीत तुझा जीव. तुला एकटं कसं टाकायचं?”

यूलानं खुर्ची ओढली आणि ती बसली. मग तिनं पाठीमागची एप्रनची गाठ सोडली.

“अरे देवा,” ती म्हणाली, “आणि मी तुमच्यापायी थांबले होते!”