तपासण्यायोग्य नाही

विहिरीत फवारणीचं औषध उतरलंय का हे तपासायला झरी गावातली बारकी नावाची बाई कॅनभर पाणी घेऊन डहाणूच्या प्रयोगशाळेत आली होती. तिथल्या तंत्रज्ञ मुक्ताने गाळणीचा पंप तपासला, गाळायची डिस्क तिसऱ्यांदा बदलली, तरी पाणी थेंबथेंबच उतरत होतं.

"गाळाने तुंबतंय. वरचं नितळ पाणी घे आणि उरकून टाक," वासुदेव सर खेकसले.

मुक्ताचं डोकं सणकलं. "सर, औषध गाळालाच चिकटतं. तो सोडला तर रिपोर्ट खोटा येईल."

"मग लिही, नमुना तपासण्यायोग्य नाही. असलं पाणी कशातूनच खाली जायचं नाही."

दाराशी बसलेली बारकी उठून आत आली.



"सायेब, आमच्या पोरांच्या घशातून तं रोज जातंय."