झुंबरबाईंचा प्रश्न

उत्पलाचा एक हात विशाखानं धरला होता, दुसरा झुंबरबाईंनी. मधे पाच वर्षांची पोर नव्या पांढऱ्या फ्रॉकमध्ये कधी आईकडे, कधी आजीकडे बघत उभी होती.

"तिना हात सोड," झुंबरबाई म्हणाल्या.

"तुम्ही सोडा, आत्याबाई. आपला नंबर आलाय."

मागून कलाबाईनं टोमणा हाणला, "काय वं अक्का, सुई नातीले टोचनार का तुले?" रांग हसली.

देवपुरातल्या त्या विहारात आज दोन टेबलं मांडली होती. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. यंदा नुसती मिरवणूक नको, वस्तीच्या कामाचंही काही करू, म्हणून मंडळानं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर ठेवलं होतं. बाहेर ट्रॅक्टरवर तसबीर चढत होती. झुंबरबाईंना हाका येत होत्या. जयंतीचं पहिलं गाणं त्यांचंच. त्यांनी आवाज लावल्याशिवाय मिरवणूक हलत नसे.

आणि याच झुंबरबाई सुनेच्या कानाशी पुटपुटत होत्या, "हाई देवीनं काम शे. रगत काढशी तं आणखी कोपी ती."

विशाखाला हे नवं नव्हतं. पोरीला ताप चढला, सांधे धरले, की सासूबाई दार लोटून घेत आणि हेच म्हणत. मरीआई मागं लागलीय. गावी जाऊ, पाया पडू, कोणाला कळायला नको. चारचौघांत अंगाऱ्या-धुपाऱ्याची टर उडवणारी बाई बंद दाराआड अशी! विशाखाला राग यायचा. भीती त्याहून जास्त वाटायची. रोज सकाळी ती झोपलेल्या पोरीची पापणी उचलून डोळ्याचा रंग बघायची. बी.एस्सी.च्या पुस्तकात या आजारावर एक परिच्छेद होता. त्यात आफ्रिकेतल्या माणसांचं नाव होतं, धुळ्याचं नव्हतं. ती तो परीक्षेपुरता पाठ करून विसरून गेली होती. मंडळाच्या पत्रकावर तिनं लक्षणं वाचली, पुन्हा वाचली. सगळी आपल्या उत्पलाचीच.

ती सासूच्या कानाशी वाकली.

"मी येते तुमच्या मरीआईला. नारळ फोडते, लोटांगण घालते, म्हणाल ते करते. पण आधी रक्त."

झुंबरबाई बघतच राहिल्या. वस्तीतल्या पोरांना वंदना शिकवणारी सून हे बोलेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांचा हात सुटला.

बोटाला सुई टोचली. पोर किंचाळली, मग मुसमुसत आईला बिलगली. जळगावहून आलेल्या डॉक्टरबाईंनी काचेची नळी रेघांच्या कागदापुढे धरली. नळीतलं पाणी गढूळ झालं होतं, पलीकडच्या रेघा दिसत नव्हत्या. त्यांनी पोरीचे डोळे पाहिले, पोट दाबून पाहिलं.

"मोठी तपासणी करावी लागेल. पण मला फारशी शंका नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "हातपाय गाळू नका. रोज एक गोळी, भरपूर पाणी, उन्हात दमवायचं नाही, ताप आला की त्याच दिवशी दवाखान्यात. नीट जपलं तर पोरं मोठी होतात, शिकतात."

विशाखानं विचारलं, "हे आलं कुणाकडून?" रांगेतली कुजबुज थांबली. सगळ्यांना तेच ऐकायचं होतं.

"दोघांकडून. निम्मं आईकडून, निम्मं बापाकडून. एकाकडूनच आलं असतं, तर ही अशी आजारी पडली नसती. दोन्ही घरांत ते पिढ्यान् पिढ्या असणार."

विशाखानं मान खाली घातली. आता सासूबाई पेटणार. भर विहारात, जयंतीच्या दिवशी, आमच्या घराण्याला नाव ठेवलं म्हणून.

झुंबरबाई खाली सतरंजीवर बसल्या. डॉक्टरबाईंशी त्या जपून, शुद्ध बोलायला गेल्या.

"पिढ्यान् पिढ्या म्हणजे... आम्ही देव बुडवले, त्याच्या आधीपासून?"

"कितीतरी आधीपासून, आजी. देवांचा याच्याशी काय संबंध?"

"पहिला पोरगा होता माझा. तोताराम. हिच्यासारखाच. हातपाय सुजायचे. डोळे हळदीसारखे."

विशाखानं चमकून पाहिलं. या घरात हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या नावाचा अर्थ मात्र तिला आत्ता कळला. सुपडू. आधीचं पोर गेलं की पुढच्याला सुपात घालून ओढायचं आणि हेच नाव ठेवायचं; मग मरण त्याला कचरा समजून सोडून देतं म्हणे. लग्न ठरलं तेव्हा ती मैत्रिणींबरोबर त्या नावाला हसली होती.

"धम्म घेतला, तेव्हा देव्हाऱ्याला हात लावायला घरात कुणी धजेना," झुंबरबाई सांगत होत्या. "आमचे मालकसुद्धा नाहीत. मी टोपल्यात घातलं सगळं, डोक्यावर घेतलं आणि तापीत सोडून आले. त्याच वर्षी तोताराम गेला. सासू मरेपर्यंत मला एकच बोलायची."

काय बोलायची, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर ढोलावर टिपरी पडली. दारातून कुणी तरी ओरडलं, "अक्का, चला ना! ऊन चढी ऱ्हायनं!" झुंबरबाईंना ते ऐकूच आलं नाही. त्यांनी डॉक्टरबाईंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला होता, आणि तोंडात त्यांची आपली बोली परत आली.

"मंग तेले मी नही मारं?"