इस्त्रीखालचा टॉवेल

इस्त्रीच्या टेबलाखाली, गिऱ्हाइकांच्या चादरींच्या गाठोड्यावर वैजू पोटाशी गुडघे घेऊन पडली होती. आई मामाकडे गेलेली. "पोट बिघडलंय," एवढंच तिने अण्णांना सांगितलं होतं. पाळीचं बापाला कसं सांगायचं?

"माझा सदरा झाला का?" गिऱ्हाईक दारातून ओरडलं.

"नाही. बसा जरा." अण्णांनी सदरा बाजूला सारला, घरातला जुना टॉवेल चौपदरी दुमडला आणि त्यावर इस्त्री दाबून धरली. मग गिऱ्हाइकाकडे पाठ करून बनियन वर केलं आणि टॉवेल स्वतःच्या पोटाला लावला. "आई गं!" म्हणत तो झटकला, परत लावून पाहिला.

"हाताने बघायचं ना, अण्णा!" कळा सोसतानाही वैजूला हसू फुटलं.

"इस्त्री धरून धरून हाताला आता चटकाच कळत नाही." टॉवेल तिला देताना ते भलतीकडेच बघत होते. "तुझ्या आईलाही दर महिन्याला हाच लागतो."

वैजूने टॉवेल ओटीपोटाशी धरला. मग हळूच म्हणाली, "अण्णा, पाळी आलीय. अजून जरा गरम चालेल."

अण्णांनी टॉवेल घेतला, इस्त्री दाबली आणि पुन्हा बनियन वर केलं.